संथ धारेच्या गायी: मुंबईतल्या एका गोठ्याने दोहनाचा वेग निवडीतून वाढवण्याचा केलेला प्रयत्न

हे प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका गोठ्याचं आहे. मालकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गायींची नावं मात्र तीच ठेवली आहेत, त्यांची हरकत नसावी.

पार्श्वभूमी

दोन भावांचा हा गोठा. दुधावर ३६ संकरित होल्स्टीन गायी आणि शेजारच्या पडवीत आठ म्हशी. म्हशींची धार हाताने, गायींची एका डबल बकेट मशीनवर. दूध घरोघरच्या रतिबाला जातं, मधे डेअरी नाही. गिऱ्हाइकाच्या दाराशी साडेसहापर्यंत पिशवी लटकलेली हवी. त्यामुळे टेम्पो सव्वापाचला सुटायलाच हवा.

मुंबईचा तबेला बहुतेक करून पैदाशीचं ठिकाण नसतो. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरभर विखुरलेले बरेच गोठे एका जागी आले, पण धंद्याची रीत तीच राहिली. ताजी व्यालेली म्हैस बाहेरून आणायची, दूध आटेपर्यंत ठेवायची, मग बाहेर काढायची. जागा महाग, चारा बाहेरचा, कालवड पोसायची कुणी? या गोठ्याचं वेगळेपण असं की भावांची वाडा तालुक्यात थोडी जमीन आहे. भाकड गायी आणि कालवडी तिथे राहतात. म्हणजे यांच्याकडे स्वतःच्या गायींच्या लेकी दुधावर येतात. वळू निवडण्याला अर्थ असतो तो एवढ्याच कारणाने. ज्याच्याकडे कालवडी नाहीत त्याने वळूची यादी चाळण्यात वेळ घालवू नये.

अडचण

नोव्हेंबर २०२१. पहाटे अडीचला सुरू झालेली धार संपायला साडेपाच वाजून जात. त्यापुढे दूध गाळून कॅनमध्ये भरायला पंधरा मिनिटं. टेम्पो पावणेसहा-सहाला सुटे. रतिबाच्या तक्रारी वाढल्या, कांदिवलीकडची एक पूर्ण सोसायटी पिशवीबंद दुधाकडे वळली. धार काढणाऱ्या तिघांपैकी एक गावाला गेला तो परतला नव्हता, म्हणून दोघांवर काम आलं होतं.

हिशेब साधा आहे. मशीनला दोन क्लस्टर (एका गायीच्या चार सडांना लागणारा कपांचा संच), ३६ गायी, म्हणजे एका क्लस्टरच्या वाट्याला १८ गायी. एका गायीमागे, लावणं, काढणं, बकेट रिकामी करणं धरून, सरासरी १० मिनिटं १२ सेकंद लागत होती. अठरा फेऱ्यांची १८४ मिनिटं झाली. धार पाचला संपवायची तर हातात १५० मिनिटं, म्हणजे गायीमागे ८ मिनिटं २० सेकंद. गायीमागे जवळजवळ दोन मिनिटं वाचवायची, एवढाच प्रश्न होता.

धार काढणाऱ्यांचं म्हणणं ठाम होतं: सात-आठ गायी "कठीण सडाच्या" आहेत, त्या विका. धाकट्या भावाने परदेशी वळूंच्या यादीत दोहनाच्या वेगाचा रकाना पाहिला होता. त्याचं मत, पुढच्या पिढीसाठी वळूच बदलायचा. थोरल्याला दुसरी मशीन घ्यायची होती. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं, पण कोणाकडेच मोजलेला आकडा नव्हता.

मोजणी

कठीण सडाची गाय म्हणजे नेमकी कोणती? वेळेवरून ठरवलं तर जास्त दूध देणारी गाय हकनाक बदनाम होते. मोरी नावाची गाय साडेनऊ मिनिटं घेई, म्हणून ती धार काढणाऱ्यांच्या यादीत होती. पण ती त्या वेळात ९.१ किलो दूध देई, म्हणजे मिनिटाला सुमारे ९६० ग्रॅम. उलट कपिली १२ मिनिटं ४० सेकंदांत ५.८ किलो, म्हणजे मिनिटाला ४६० ग्रॅम. संथ गाय कपिली होती.

म्हणून मोजायचं ठरलं ते असं: कप लागल्यापासून काढेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, बकेटचं वजन टांगायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, आणि पहिल्या दोन मिनिटांत किती दूध आलं ते वेगळं. हे दोन मिनिटांचं दूध जुनं पण कामाचं माप आहे. शेवटचे थेंब ओढण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही, त्यामुळे सडाच्या छिद्राचा स्वभाव त्यात जास्त स्वच्छ दिसतो. काससुजीवर उपचार चालू असलेल्या दोन गायी वगळून ३४ गायींची सकाळची धार दोन दिवस मोजली.

पहिल्या दिवसाची अर्धी पानं फाडावी लागली. एक जण कास धुवायला घेतल्यापासून घड्याळ लावत होता, दुसरा कप लावल्यापासून. एकाच्या सगळ्या गायी दीड-दोन मिनिटांनी संथ निघाल्या. मोजणीचा आरंभबिंदू खडूने भिंतीवर लिहिला तेव्हा गोंधळ थांबला.

सरासरी आली मिनिटाला ८६० ग्रॅम. ६०० ग्रॅमच्या खाली नऊ गायी. इथे पहिला निर्णयाचा क्षण होता. या नऊ गायी तिथेच "वंशानेच संथ" ठरवून विकायला काढल्या असत्या, तर त्यातल्या पाच फुकट गेल्या असत्या.

आधी मशीन आणि हात

गायीचं दूध दोन ठिकाणी अडतं. एक, पान्हा सुटलेलाच नसतो. दोन, पान्हा सुटलेला असतो पण सडाच्या टोकाचं छिद्र अरुंद असतं किंवा त्याचा स्नायू घट्ट असतो. वंशाचा मोठा वाटा दुसऱ्यात आहे. पहिल्याचा दोष बहुतेक वेळा आपल्या पद्धतीचा असतो.

या गोठ्यात दहा-दहा गायींच्या कासा एकदम धुतल्या जात आणि मग क्रमाने कप लागत. दहाव्या गायीपर्यंत मशीन पोचायला बरीच मिनिटं जात. कासेला हात लागला की गायीच्या रक्तात ऑक्सिटोसिन, पान्हा सोडवणारं संप्रेरक, उतरतं आणि काही मिनिटांतच ओसरतं. कप लागायला हवेत ते हात लागल्यापासून साधारण एक ते दीड मिनिटात. नऊपैकी दोन गायी निव्वळ रांगेच्या टोकाला उभ्या राहत म्हणून संथ होत्या. जागा बदलताच त्या सरासरीत आल्या.

मग मशीन. कपाच्या आत सडाला लागून असतो त्या रबरी लायनरचं आयुष्य साधारण २,५०० दोहनं. एका क्लस्टरवर सकाळी १८ आणि दुपारी १८, रोजच्या ३६ गायी. २,५०० भागिले ३६, म्हणजे सुमारे ७० दिवस. या गोठ्यात लायनर चौदा महिने बदलले नव्हते. आत बोट फिरवलं तर रबर खरखरीत लागे, तोंडाशी बारीक चिरा होत्या. जुनं रबर सैल पडतं, सडाला नीट मालीश करत नाही, टोकाशी रक्त साचतं आणि छिद्र आणखी आवळलं जातं. गाय संथ दिसते, दोष रबराचा असतो.

लायनरला आलटून पालटून आवळणारा-सोडणारा पल्सेटर मिनिटाला ६० ठोके द्यायला हवा. चालू मशीनवर रिकाम्या लायनरमध्ये अंगठा घालून मोजलं: एक ५९, दुसरा ४८. दुसऱ्यात कचरा अडकला होता. बकेटच्या झाकणाचं गॅसकेट फुगून वाकडं झालेलं, तिथून हवा शिरे. मशीनचं व्हॅक्यूम मीटर (दूध ओढण्याचा जोर मोजणारं) ४५ किलोपास्कल दाखवत होतं, वेगळं मीटर लावलं तर ३८. हा फरक कानालाही कळतो. नीट मशीन एकसुरी फुसफुसते, गळकी मधेच शिट्टी मारते.

तिसरी गोष्ट सवयीची. दूध आटत आलं की क्लस्टरवर हात ठेवून खाली ओढायचं, "शेवटची मलई" काढायची. दर गायीमागे दीड-दोन मिनिटं त्यात जात. क्लॉ, म्हणजे चारही कपांचं दूध जमतं ती वाटी, पारदर्शक आहे; धार दोऱ्याएवढी बारीक झाली, मिनिटाला २०० ग्रॅमच्या आसपास आली, की व्हॅक्यूम बंद करून कप काढायचे. कासेत पावशेर-अर्धा किलो राहिलं तर काही बिघडत नाही. रिकाम्या सडावर मशीन चालू राहिली तर मात्र टोकाशी पांढरं कडक कडं तयार होतं आणि जंतूंना घर मिळतं.

आणि एक गोष्ट उघड बोलायला हवी. तीन संथ गायींना "पान्हा यावा म्हणून" ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं जात होतं. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काही टोचणं पशुक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. धंद्याच्या दृष्टीनेही ते उलटं पडतं. रोजच्या टोचणीला सरावलेली गाय टोचल्याशिवाय पान्हा सोडेनाशी होते. इंजेक्शन बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्या तिघींचं दूध घटलं, धार काढणाऱ्यांनी कुरकुर केली, मग त्या सावरल्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणी. सरासरी १ किलो २० ग्रॅम, फेरी ८ मिनिटं ३६ सेकंदांवर. धार पाच वाजून पाच मिनिटांनी संपू लागली. नव्या लायनरचे दोन संच, एक गॅसकेट आणि भिंतीवर खडूची रेघ, एवढ्यावर निम्म्याहून जास्त वेळ सुटला. वळूचा विषय इथेच सोडून देता आला असता. पण चार गायी ६०० ग्रॅमच्या खालीच राहिल्या.

उरलेल्या चार गायी

टिकली, कपिली, रतन आणि साखरी. टिकलीच्या मागच्या डाव्या सडात चिमटीत धरल्यावर मुगाएवढी गाठ लागते. कधीतरी खुराखाली सड आला असणार. तिचे तीन सड वेळेत रिकामे होतात, चौथा रेंगाळतो, आणि मशीन चौघांसाठी थांबते. ती वंशाच्या हिशेबातून बाद.

बाकी तिघींच्या पानांवर बापाच्या रकान्यात एकाच वळूचा क्रमांक. धाकट्या भावाला पुरावा सापडला असं वाटलं. गोठ्यात त्या वळूच्या सात लेकी, त्यातल्या तीन संथ. पण सात लेकींवरून वळूबद्दल किती खात्रीने बोलता येतं?

दोहनाच्या वेगाची आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकात वंशाचा वाटा, पशुपालकाने अंदाजाने गुण दिले तर साधारण ०.१ ते ०.३, मीटरने मोजली तर त्याहून जास्त येते. ०.२५ धरू. एका वळूच्या लेकींवरून त्याच्या अंदाजाची विश्वसनीयता काढायचं सूत्र सोपं आहे: लेकींची संख्या भागिले (तीच संख्या अधिक १५). यातला १५ हा आकडा ०.२५ वरून येतो. सात लेकींवर ३२ टक्के, तीस लेकींवर ६७, शंभरावर ८७. म्हणजे सात लेकी ही कुजबुज आहे, साक्ष नव्हे. त्यातही उरलेल्या चार लेकींची सरासरी ९८० ग्रॅम होती, गोठ्याच्या सरासरीला चिकटून.

पुढे आणखी एक गडबड निघाली. साखरीच्या कानातला बारा आकडी बिल्ला एकदा तुटून पडला होता आणि नवा बसवला होता. रेतनाच्या वहीत जुना क्रमांक, गोठ्याच्या वहीत नवा. जुळवून पाहिलं तर ती त्या वळूची लेकच नव्हती. सातच्या झाल्या सहा, तीनच्या दोन, विश्वसनीयता २९ टक्के.

मग त्या वळूचं काय करायचं? इथला निर्णय चांगला झाला, म्हणून तो थांबून पाहण्यासारखा आहे. वळू थांबवायला काही खर्च नव्हता. त्याच दर्जाच्या दुसऱ्या वळूंच्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य) तेवढ्याच पैशात मिळत होत्या. म्हणून कच्च्या पुराव्यावरही त्याला थांबवणं योग्य. पण त्याच्या सहाही लेकी विकणं महागात गेलं असतं, आणि त्यासाठी हा पुरावा पुरेसा नव्हता. पुरावा किती पक्का हवा हे निर्णयाच्या किमतीवरून ठरतं.

समोरचे पर्याय

संथ गायी विकून बाजारातून नव्या आणणं हा पहिला पर्याय. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे गाय विकायची ती दुसऱ्या गोठ्यालाच, आणि संथ गायीला मशीनवाला गोठा भाव देत नाही. काष्टी किंवा लोणीच्या बाजारातून गाय आणायची तर धारेचा वेग तिथे तपासता येतो का? थोडाफार. बाजारात गाय बहुधा दूध तुंबवून आणलेली असते, कास दगडासारखी ताठ. अशा कासेतून पहिली धार सगळ्यांचीच जोरात येते. चारही सड स्वतःच्या मुठीने काढावेत, दोन मिनिटांनंतर धार किती राहते ते पाहावं आणि जमलं तर पुढची धारही समोर काढायला लावावी. कुणी चिमटीने किंवा अंगठा दुमडून ओढत असेल तर विचारावं, मुठीने का नाही. छिद्र आवळलेलं असलं की लोक अंगठा वापरतात.

शिवाय संथ गाय काढण्याचा पुढच्या पिढीला फायदा किती? कपिलीच घ्या. मशीन दुरुस्त झाल्यावर ती ५५० ग्रॅमवर आली होती, गोठ्याच्या सरासरीहून ४७० ग्रॅम कमी. त्यातला वंशाचा वाटा ०.२५ धरला तर सुमारे १२० ग्रॅम, आणि लेकीकडे जाणारा त्याचा अर्धा, ६० ग्रॅम. सकाळच्या साडेसहा किलो दुधावर ६० ग्रॅमचा फरक म्हणजे पंचवीसेक सेकंद. कपिलीची लेक ठेवली तर गोठा बुडत नाही. आईच्या बाजूने निवड करून हाती फार लागत नाही, ती करायची तर वळूच्या बाजूने.

दुसरा पर्याय, आयात होल्स्टीन रेतमात्रा. कॅनडाच्या यादीत दोहनाचा वेग १०० या सरासरीभोवती दिलेला असतो, ५ गुणांचा फरक म्हणजे एक प्रमाण विचलन, वळूवळूंतल्या फरकाची एक ठरावीक पायरी. जर्मनीत हीच पायरी १२ ची आहे, उत्तर युरोपच्या देशांत १० ची. म्हणून कॅनडाचा १०६ आणि जर्मनीचा १०६ एकसारखे नव्हेत. कॅनडाचा १०६ बराच वेगवान, जर्मनीचा जेमतेम सरासरीच्या वर. (अमेरिकेत होल्स्टीनसाठी हा आकडा ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तोही मिनिटाला पौंड या मापात.) अडचण दुसरीच आहे. या गोठ्यातल्या काही गायींत होल्स्टीन रक्त आधीच तीन चतुर्थांश होतं. त्यांना पुन्हा शुद्ध होल्स्टीन लावलं तर मे महिन्यातल्या मुंबईच्या दमटपणात धापा टाकणारी कालवड मिळते. संकरित गायीत परदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावं हा सल्ला अशा हवेसाठीच आहे.

तिसरा, देशातल्या संतती चाचणी झालेल्या, म्हणजे लेकींच्या दुधावरून जोखलेल्या, संकरित वळूंच्या रेतमात्रा. दूध आणि फॅटची माहिती हाताशी, पण वेगाचा आकडा निवडायला मिळाला नाही. आणि चौथा, दुसरी मशीन. कोटेशन लाखाच्या आतबाहेर होतं. पण दुसऱ्या मशीनला तिसरा माणूस लागतो, आणि माणूसच मिळत नव्हता.

सगळ्या पर्यायांवर एक सावट होतं. सडाचं छिद्र हे दूध बाहेर येण्याचं दार आहे तसं जंतू आत जाण्याचंही. वेगवान धारेचा दुधातल्या जास्त सोमॅटिक पेशींशी (काससुजीची ही खूण) आनुवंशिक संबंध अनेक देशांच्या नोंदींतून दिसलेला आहे. या गोठ्यात मिनिटाला १ किलो ६०० ग्रॅमच्या वर पाच गायी होत्या. त्यातल्या दोघी धारेच्या वेळेआधीच गळत, खाली फरशीवर पांढरे ठिपके दिसत. धार झाल्यावर सडाचं तोंड मिटायला थोडा वेळ लागतो, तोवर गाय ओल्या फरशीवर बसली की काम झालं. सगळ्या गायींची सीएमटी, म्हणजे दुधावरून काससुजी ओळखायची चाचणी केली. पॅडलच्या चार खोल्यांत दोन-दोन मिली दूध, तेवढंच द्रावण, गोल फिरवायचं, घट्ट झालं की तो सड संशयित. पाच वेगवान गायींपैकी तिघींचा एकेक सड घट्ट निघाला, बाकी एकतीसपैकी सहा जणींचा. संख्या लहान आहे, पण दिशा ओळखीची आहे.

म्हणून ध्येय बदललं. "वेगवान" हा शब्द वहीतून खोडला आणि १ किलो ते १ किलो ६०० ग्रॅम असा पट्टा लिहिला. धाकट्याला हे पटायला वेळ लागला. यादीतला सगळ्यात मोठा आकडा सोडून मधला उचलणं माणसाच्या हाताला जमत नाही.

काय केलं

जानेवारी २०२२ पासून दोन वळू. ज्या गायींत होल्स्टीन रक्त कमी, त्यांना एका आयात वळूच्या लिंगनिर्धारित (बहुतेक कालवडीच होतील अशा) रेतमात्रा: कॅनडाच्या मापावर वेग १०३, सोमॅटिक पेशींचा आकडा सरासरीहून बरा, कास वर बांधलेली. बाकीच्यांना संतती चाचणी झालेला संकरित वळू, साध्या रेतमात्रा. संशयित वळू बंद. सरासरीहून संथ गायींना आयात वळू लावायचा, १ किलो ६०० ग्रॅमच्या वरच्यांना कधीच नाही.

संथ गायींची व्यवस्था वेगळी लागली. टिकलीचा चौथा सड हाताने. रतन शेवटच्या फेरीत, म्हणजे तिच्यामुळे कोणी अडत नाही. कपिली वाड्याच्या एका ओळखीच्या घरी गेली, जिथे दोनच गायी आहेत आणि धार हाताने, वासरू लावून निघते. तिथे बारा मिनिटांचं कोणाला काही वाटत नाही. विकताना तिचा वेग लपवला नाही. साखरी पुढच्या वेतात आपसूक ७४० ग्रॅमवर आली. एका वेताच्या मोजणीवर गायीचा निकाल का लावू नये, ते तिने दाखवलं.

एकोणीस गायी या योजनेत गाभण राहिल्या. ऑक्टोबर २०२२ पासून वासरं आली, त्यात अकरा कालवडी. दोन दगावल्या. नऊ जणी २०२५ च्या पहिल्या सहामाहीत व्यायल्या.

परिणाम

या नऊ पहिलारूंची सरासरी १ किलो ८० ग्रॅम. २०२२ मध्ये याच गोठ्यात मोजलेल्या सात पहिलारूंची ९३० ग्रॅम होती, मशीन दुरुस्त झाल्यानंतरची. सकाळचं दूध ५.३ किलोवरून ५.६ किलो. नव्या नऊत सगळ्यात संथ ७१० ग्रॅम, सगळ्यात वेगवान १ किलो ५८० ग्रॅम. गळणारी एकही नाही.

हा सगळा फरक वळूंचा म्हणता येत नाही. दूध थोडं वाढलं की वेगही वाढतो. धार काढणारे तीन वर्षांत सुधारले आहेत. आज दुधावर ३४ गायी आहेत, फेरी ८ मिनिटांची, धार पावणेपाचच्या सुमारास संपते. २०२१ पासून वाचलेल्या फेरीमागच्या २ मिनिटं १२ सेकंदांपैकी १ मिनिट ३६ सेकंद रबर, गॅसकेट आणि धुण्याची पद्धत यांतून आले, तेही तीन आठवड्यांत. उरलेल्या ३६ सेकंदांत कपिलीचं जाणं आहे, साखरीचं सुधारणं आहे, आणि मग कालवडी. साडेतीन वर्षांच्या पैदाशीतून फेरीमागे काही सेकंदच आले, मात्र ते दर पिढीत साठत जातात आणि त्यांना सुटे भाग लागत नाहीत.

पुन्हा करायचं तर

पहिलारूंची मोजणी आठव्या दिवशी केली ही चूक. वाड्याच्या शांत गोठ्यातून आलेली कालवड मशीनचा आवाज, नवी फरशी, नवी माणसं पाहून बिथरते, ॲड्रेनलिन उसळतं आणि पान्हा अडतो. दोघी "संथ" म्हणून वहीत चढल्या, पंचेचाळिसाव्या दिवशी त्या ९५० ग्रॅमच्या वर होत्या. व्यायल्यानंतर ३० ते १२० दिवसांच्या मधे, लागोपाठ दोन दिवस, आजारी नसताना: एवढं पाळलं असतं तर पुरेसं होतं. व्यायच्या आधी दोन आठवडे त्यांना चालू मशीनशेजारी बांधलं असतं तर आणखी बरं.

वळू निवडताना सडांची लांबी पाहायची राहिली. आयात वळूच्या दोन लेकींचे पुढचे सड जेमतेम चार सेंटिमीटर आहेत. लायनर त्यांच्यावर टिकत नाही, मधेच हवा ओढून चीत्कारतो, आणि तो झोत दूध उलटं सडात ढकलतो. वेग १०३ असून त्या दोघींच्या मागे माणूस उभा करावा लागतो. वेगाच्या रकान्याआधी सडाच्या लांबीचा आणि ठेवणीचा रकाना वाचायला हवा होता.

बिल्ल्याचे जुने-नवे क्रमांक पहिल्याच आठवड्यात जुळवायला हवे होते. बाप चुकीचा असेल तर वळूबद्दलचं पुढचं सगळं गणित वाया. जनावरांचा जनुकीय नकाशा वाचणारी गौचिप ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला जाहीर झाली, त्यामुळे बापाची खात्री पुढे रक्ता-केसांच्या नमुन्यावरून करणं सोपं होत जाईल. पण चिपला दोहनाचा वेग आपोआप कळत नाही. हजारो गायींच्या बकेटचं वजन आणि घड्याळ कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं असेल, तरच चिप त्यावरून काही सांगू शकते.

शेजारच्या पडवीतल्या म्हशींना हीच मापं लावायचा मोह भावांना झाला होता. ते करू नये. म्हशीच्या कासेतल्या टाकीत पान्ह्याआधी जेमतेम पाच टक्के दूध असतं, गायीत ते वीस टक्क्यांच्या आसपास. म्हैस पान्हवायला जास्त वेळ घेते आणि तिच्या सडाचा स्नायूही जास्त घट्ट. दोन मिनिटांच्या दुधाचं माप तिथे संथ आणि उशिरा पान्हवणारी यांतला फरक दाखवत नाही.

आता प्रश्न आहे तो नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उरलेल्या त्या आयात वळूच्या चौदा रेतमात्रांचा. थोरला म्हणतो फेकून द्या, पैसे गेले समजा. धाकट्याने गोठ्यातल्या सगळ्या गायींच्या सडांची लांबी पट्टीने मोजून घेतली आहे: साडेसहा सेंटिमीटरच्या वर असलेल्या पाच गायी निघाल्या. येत्या माजाला त्या चौदा त्यांच्यातच वापरायच्या, असं सध्या ठरलं आहे.